दोन तासांत काळी होणारी मेंदी मी लावत नाही

कालच एका नवरीच्या आईचा फोन आला. गुरुवारी संध्याकाळी हळद, शुक्रवारी लग्न, आणि मेंदी त्यांना गुरुवारी सकाळी पाहिजे होती, वर म्हणल्या, "ताई, ती दोन तासांत काळीभोर होणारी असती ना, तीच लावा, फोटोत उठून दिसती." मी म्हणलं काकू, मला बुधवारी सकाळी बोलवा, त्याहून चांगलं म्हणजे मंगळवारी रात्री बोलवा, पण ती काळी मेंदी मी लावत नाही. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग "बरं, घरात विचारून सांगते" म्हणून फोन ठेवला. आज दिवसभर परत फोन नाही, म्हणजे दुसरी कुणीतरी बघितली असणार.

लग्नसराईत एक नवरी हातची गेली की वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू. पण ह्या एका गोष्टीवर मी अडून बसते आणि त्याचं कारण फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून आज जेवणं उरकल्यावर निवांत लिहायला बसलेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मेंदी म्हणजे मुळात एका झुडपाचा पाला, बस. आमचं गाव परभणी जिल्ह्यात मानवतजवळ, तिथं आजीच्या घरामागं आडाच्या कडेला मेंदीचं झाड होतं, माणसापेक्षा उंच वाढलेलं, जुन्या फांद्यांना काटे आणि पावसाळा सुरू झाला की बारीक बारीक पांढरट फुलांचे घोस यायचे. त्या फुलांचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी नाही घेतला त्यांना कसा सांगू, संध्याकाळी आडावर पाणी शेंदायला गेलं की तो वास अंगावर यायचा. ह्याच फुलांचं अत्तर काढतात, गुलहिना म्हणून मिळतं. (बंगल्यांच्या, शाळांच्या कुंपणाला जी कातरलेली "मेंदी" असते ती बऱ्याच वेळा भलतंच झाड असतं हां, लहानपणी शाळेतला तो पाला आणून आम्ही मैत्रिणींनी तासभर वाटला होता, हाताला रंगाचा ठिपका नाही.)

पंचमीच्या आदल्या दिवशी आजी आम्हा सगळ्या पोरींना पाला खुडायला लावायची. आमच्याकडं नागपंचमी म्हणजे लेकीबाळींचा सण, सासरी गेलेल्या आत्या माहेरी यायच्या, कडुलिंबाच्या झाडाला झोका बांधलेला असायचा, त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, मग पुरणाची दिंडं उकडायची आणि बायांना तेवढाच एक दिवस हाताला आराम. आणि हाताला आराम असला तरच मेंदी रंगते हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं.

पाला पाट्यावर टाकायचा, त्यात काथाचा खडा, लिंबाचा रस, आणि वरवंट्यानं वाटत बसायचं, इतकं बारीक की बोटात धरलं तर कण लागू नये. थोरली आत्या वाटायची. वाटून झालं की तिचे हात आमच्या आधीच लाल झालेले असायचे, तिला वेगळी मेंदी लावायची गरजच नसायची. डिझाईन वगैरे काही नाही, तळहाताच्या मधोमध एक गोल, बोटांच्या शेंड्यांना टोप्या, नाहीतर मुठीत गोळा धरायचा आणि मूठ आवळून ठेवायची. वरून एरंडाचं पान गुंडाळून जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि तसंच झोपायचं. रात्री हात खाजला तरी सोडायचा नाही, तहान लागली तर आई तांब्या तोंडाला लावायची. सकाळी चिंध्या सोडल्या की वाळलेला पाला खरवडून काढायचा, पाणी लावायचं नाही, करडईचं तेल चोळायचं, आणि मग सगळ्यांचे हात शेजारी शेजारी धरून कुणाची जास्त रंगली ते बघायचं. "माय, हिची तर लई रंगली गं!" हे आपल्याबद्दल ऐकायला मिळावं म्हणून मी वर्षभर वाट बघायचे.

आता विचार करते तर आजीला जे जे माहीत होतं ते सगळं बरोबर होतं, फक्त तिला त्याची कारणं कुणी सांगितली नव्हती. मेंदीच्या पानात जो रंग असतो त्याला लॉसोन म्हणतात, झाडाचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस, त्यावरूनच पडलंय. पानात हा रंग मोकळा नसतो. पान वाटलं, ओलं केलं, थोडं आंबट मिळालं की तो हळूहळू सुटतो आणि आपल्या कातडीत केराटिन नावाचं जे प्रथिन असतं त्याला जाऊन चिकटतो. नखातही तेच, केसातही तेच, म्हणून मेंदी नखाला आणि केसाला पण चढते. ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात शिरते, आणि तो थर जसजसा झडतो तसतशी फिकी होत आठवड्या-दोन आठवड्यांत निघून जाते. तळहात आणि तळपायाला हा थर सगळ्यात जाड म्हणून तिथं मेंदी सगळ्यात गडद, आणि मनगटाच्या वर, दंडाकडं जावं तशी फिकी. कितीतरी जणी मला म्हणतात की तळव्यावर छान आली आणि कोपराजवळ नारंगीच राहिली, तुम्ही वरती वेगळी मेंदी लावली का. नाही हो, एकाच कोनातली असते, कातडी वेगळी असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खरवडून काढल्यावर लगेच जो रंग दिसतो तो नारंगीच असतो, भोपळ्यासारखा, केशरी. नवरीची आई घाबरते, नवरी रडकुंडीला येते. पण तो खरा रंग नाहीच, तो हवेत मुरत जातो, दुसऱ्या दिवशी विटकरी होतो आणि साधारण अठ्ठेचाळीस तासांनी पार गडद, पिकल्या जांभळाच्या सालीकडं झुकणारा तपकिरी. म्हणून तर म्हणते लग्नाच्या दोन दिवस आधी बोलवा. शुक्रवारी लग्न असलं आणि मंगळवारी रात्री मेंदी लावली तर ती बुधवारी सकाळी निघते आणि मांडवात उभं राहायच्या वेळेला ऐन भरात असते. ह्यात माझं काही कौतुक नाही, पाल्याचा स्वभावच तसा आहे.

अस्सल मेंदी काळी होतच नाही. नारंगी, विटकरी, तपकिरी, फार फार तर कॉफीच्या बियांसारखी. अर्ध्या तासात शाईसारखी काळी झाली तर ती मेंदी नाही, दुसरं काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे मी माझ्या बहिणीच्या हातावर बघितलंय.

तेव्हा मी बारावी करून परभणीत राहायला आले होते आणि शेजारच्या आपांकडं कोन धरायला शिकले होते. आपांबद्दल थोडं सांगते कारण त्या नसत्या तर मी आज हे काम करत नसते. त्यांच्याकडं लग्नात मांजा, सांचक, मेहंदी असे विधी दिवसच्या दिवस चालतात आणि मोहल्ल्यातल्या सगळ्या मुली मेंदीला आपांकडंच. त्यांनी मला पहिले दोन महिने कुणाच्या हाताला हातच लावू दिला नाही. स्टीलचं ताट पालथं घालायचं आणि त्यावर रेघा मारायच्या, नुसत्या सरळ रेघा, मग गोल, मग थेंब, मग पुसायचं आणि परत. कोन टेकवायचा नाही, हातापासून जरा वर धरायचा आणि मेंदीचा दोरा खाली सोडायचा, आपण फक्त त्या दोऱ्याला कुठं पडायचं ते सांगायचं. अंगठ्याचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, संपवताना दाब आधी सोडायचा आणि मग हात उचलायचा, नाहीतर शेपूट राहतं. मी घाई केली की त्या म्हणायच्या, "बेटा, जल्दी नक्को कर, हात कहाँ भाग रा?" आजही नवरीचा हात हातात घेतला की मनात आधी तो आवाज येतो.

पन्नी कापून कोन वळायचा, टोकाला टाचणी धरून वळायचा म्हणजे भोक बारीक आणि गोल राहतं, हेपण त्यांनीच शिकवलं. पण त्या स्वतः मेंदी भिजवायच्या, आणि मला त्याचा कंटाळा यायचा. बाजारात दहा-दहा रुपयांना तयार कोन मिळायचे, त्यात एक काळा कोन यायचा, इमर्जन्सी कोन म्हणायचे, लावून वीस मिनिटांत धुतला तरी हात काळा. चुलतभावाच्या लग्नात मी तोच आणला. धाकटी बहीण नऊ वर्षांची, तिला आदल्या वर्षी एकदा असलाच कोन लावला होता तेव्हा काही झालं नव्हतं, म्हणून मला शंकाच आली नाही. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला मनगटापासून करंगळीपर्यंत एक वेल काढली, तिला फार आवडली होती, लग्नभर हात वर धरून हिंडली.

दुसऱ्या दिवशी रात्री ती खाजवायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वेल फुगलेली होती. म्हणजे मी जिथं जिथं रेघ ओढली होती तिथं तिथं, तेवढ्याच जागेवर, पान तर पान, कळी तर कळी, पाण्यानं भरलेले फोड. बाकी हात स्वच्छ. मी काढलेली नक्षी फोडांमध्ये उठलेली होती आणि ती लेकरू रडत मला म्हणत होती "ताई हे काढ ना, हे काढ ना". ते मी विसरू शकत नाही.

कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी हात बघितल्या बघितल्या विचारलं, काळी मेंदी लावली होती का? मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. त्या कोनात पीपीडी घातलेलं असतं, पूर्ण नाव पॅराफेनिलीनडायमिन. केसांच्या काळ्या डायमध्ये हेच असतं, पण डायमध्ये ते ठरावीक प्रमाणात, आणि डायच्या पाकिटावर आधी टेस्ट करा, कातडीला लावू नका असं लिहिलेलं असतं. ह्या कोनात किती आहे कुणाला पत्ता नाही, कोनवर लिहिलेलंच नसतं, आणि ते थेट कातडीवर तासभर. पहिल्यांदा लावल्यावर शरीर त्याला ओळखून ठेवतं, आणि पुढच्या वेळेला चवताळून उठतं. म्हणून पहिल्यांदा काही झालं नव्हतं. आणि एकदा शरीरानं ओळखलं की ते जन्मभर विसरत नाही, "हिला पुढं आयुष्यात केसांना काळा डाय लावू देऊ नका" हे त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीच्या चिठ्ठीवर लिहून दिलं.

फोड दोन आठवड्यांत बसले. त्या जागी कातडी पांढरट झाली, वेल तशीच्या तशी, आणि ते डाग जायला वर्ष लागलं.

मी त्यानंतर सहा महिने कोन हातात धरला नाही. आपा घरी येऊन बसल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणल्या कल आ, मेहंदी भिगोना सिखाती. मी गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी दुसऱ्यानं भिजवलेली मेंदी कुणाच्या हाताला लावलेली नाही.

आता मी कशी भिजवते ते सांगते, पुष्कळजणी विचारतात आणि ह्यात लपवण्यासारखं काही नाहीच. पावडर सोजतची घेते. सोजत राजस्थानात पाली जिल्ह्यात आहे, तिथल्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, जसं आपल्या पैठणीला आहे तसं. हाताला लावायची पावडर केसांच्या पावडरीपेक्षा कितीतरी बारीक चाळलेली पाहिजे, नाहीतर कोनाचं तोंड बुजतं. ताज्या पावडरीला वाळलेल्या वैरणीसारखा वास येतो, रंग फिका हिरवट, आणि जुनी झाली की ती खाकी पडते. फार हिरवीगार पोपटी दिसली तर मी घेत नाही, कारण कधी कधी वरून हिरवा रंग घातलेला असतो. चिमूटभर पावडर पांढऱ्या कागदावर ओली करून ठेवा, थोड्या वेळानं कडेनं नारंगी-तपकिरी उतरायला पाहिजे, नुसतं हिरवं पाणी पसरलं तर समजून जा.

शंभर ग्रॅम पावडरीला पंचवीस-तीस ग्रॅम साखर, तीसेक मिली नीलगिरीचं शुद्ध तेल, आणि लिंबाचा गाळलेला रस लागेल तसा, साधारण अडीचशे मिली तरी लागतोच. एकदम ओतायचा नाही. आधी घट्ट गोळा भिजवायचा, झाकून ठेवायचा, रंग सुटला की मग तेल आणि उरलेला रस घालत घालत फेटलेल्या चक्क्यासारखं सरसरीत करायचं. तेल कशाला, तर त्यात जी टर्पीन नावाची वासाची द्रव्यं असतात त्यांनी रंग गडद व्हायला मदत होते. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मात्र मी नीलगिरी घालत नाही, त्यांच्यासाठी लॅव्हेंडरच्या तेलाची वेगळी भिजवते. साखर रंगासाठी नाही, साखरेनं मेंदीला तार येते आणि ती हातावर धरून राहते. चहाचं पाणी, कॉफी हे लोक घालतात, मी सगळं करून बघितलं, रंगात मला तरी काडीचा फरक दिसला नाही. मग ते सगळं नायलॉनच्या मोज्यातून गाळायचं. हे काम फार किचकट आहे, हात भरून येतात, पण हे केलं नाही तर ऐन नवरीच्या हातावर कोन अडकतो आणि दाब दिला की फट्कन मोठा थेंब पडतो.

किती वेळ ठेवायची हे विचारू नका, हवामानाला विचारा. आपल्या परभणीच्या मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला दुपारी भिजवली तर चार-पाच तासांत रंग सुटतो, डिसेंबरच्या रात्री बारा तासही पुरत नाहीत. मी घड्याळ बघतच नाही. वरचा थर तपकिरी पडला आणि आतली अजून हिरवी असली की बोटभर तळहाताला लावून पाच मिनिटांनी पुसते, नारंगी डाग पडला की झाली. तिथून पुढं उशीर करायचा नाही, रंग सुटून बसलेली मेंदी उन्हाळ्यात बाहेर ठेवली तर दीड-दोन दिवसांत मरते, दिसायला तशीच पण हातावर काहीच चढत नाही. कोन भरून लगेच फ्रीझरला टाकायचे, तिथं महिनोन्महिने टिकतात. एका मे महिन्यात माझे चाळीस कोन लाईट गेल्यामुळं गेले, रात्रभर लाईट नव्हती आणि मी गावाला, आल्यावर सगळे सोडून दिले. वापरले असते तर कुणाला कळलंही नसतं त्या वेळी, दोन दिवसांनी कळलं असतं.

साखरेचं पण तसंच. पुस्तकातलं प्रमाण मराठवाड्यात चालत नाही. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की मेंदी हातावर तासाभरात तडकून खाली पडते, म्हणून तेव्हा साखर चमचाभर जास्त आणि वरून लिंबू-साखरेचं पाणी कापसानं टिपत राहायचं. पावसाळ्यात, पंचमीला, तीच साखर जास्त झाली तर मेंदी घामेजते, रेघा ओघळतात, सगळी नक्षी एकमेकीत जाते. मला हे समजायला दोन वर्षं गेली.

सगळ्यात छान मेंदी कुणाच्या हातावर रंगते माहितीये का? आमच्या गावात पंचमीला मी अजूनही जाते आणि देवळाच्या ओट्यावर बसून ज्या येतील त्यांना फुकट लावते. दोन वर्षांपूर्वी एक मावशी आल्या, रोजानं खुरपायला जाणाऱ्या, साठीच्या आसपास. आधी हातच पुढं करेनात. "माझ्या हातावर काय काढतीस माय, हात हायेत का ते, नुस्ती काटकं." मी हात ओढून घेतला. खुरप्याच्या मुठीनं अंगठ्याखाली घट्टा पडलेला, बोटांच्या पेरांवर मातीच्या काळ्या चिरा, त्या कितीही धुतल्या तरी निघत नाहीत, मधल्या बोटाचं नख अर्धं तुटलेलं. कोनाची रेघ त्या चिरांमध्ये अडखळायची, म्हणून बारीक काम सोडून दिलं आणि जाड रेघेत आजी काढायची तसा गोल काढला, भोवती पाकळ्या, बोटांना टोप्या. त्या पूर्ण वेळ हाताकडंच बघत होत्या. लग्नानंतर पहिल्या पंचमीला लावली होती म्हणल्या, मग नाहीच, कामून तर लेकरं, शेण, भाकरी, हात कधी मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी झोक्यापाशी भेटल्या. दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. मी एवढ्या नवऱ्या केल्या पण असा रंग मी बघितला नव्हता, एका रात्रीत डाळिंबाच्या वाळलेल्या सालीसारखा, घट्ट, एकसारखा. कातडी जाड, दिवसभर उन्हात तापलेली, क्रीमबिम काही नाही, रंगाला आत शिरायला काही आडवंच आलं नाही. पार्लरमधून मॅनिक्युअर करून, मॉइश्चरायझर चोपडून येणाऱ्या हातावर मला त्याच्या निम्मा रंग काढायला घाम फुटतो. म्हणून नवऱ्यांना सांगते, मेंदीच्या दिवशी हाताला काही लावून येऊ नका, साबणानं धुवा आणि कोरडे घेऊन या.

डिझाईनबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल. अरेबिक म्हणजे मोकळी जागा सोडून तिरपी जाणारी मोठी वेल, राजस्थानी म्हणजे भरगच्च, मोबाईलमधले फोटो दाखवतात आणि तसंच्या तसं पाहिजे म्हणतात. मी काढून देते. पण माझ्या मनासारखी नवरी भेटली की मी तिला विचारते, लग्नात पैठणी कुठली नेसणार? त्या पदरावरचा मोर, नाहीतर मुनिया, काठाची नारळी, आसावलीची वेल, हेच हातावर घेते. पैठण आपल्याच मराठवाड्यातलं, आपल्या आज्यांच्या पेटीतल्या साड्यांवर एवढं सगळं काढून ठेवलेलं आहे. जाळी मी शिकले ती बीबी का मकबऱ्यात. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेले होते, नंतर मुद्दाम वही घेऊन गेले आणि तिथल्या संगमरवराच्या जाळीसमोर बसून एका चौकोनातून दुसरा कसा निघतो ते तासभर काढत बसले. जाळीत सगळी गंमत मोकळ्या जागेची असते, रेघ चुकली तर चालतं पण मोकळी जागा लहानमोठी झाली की लगेच डोळ्याला खुपतं. बाहेरची रेघ जाड, आतलं काम केसासारखं, मग लांबूनही उठून दिसतं आणि जवळूनही बघावं वाटतं. कोपरापर्यंत दोन्ही हात आणि पाय म्हणजे मला सहा-सात तास लागतात, मध्ये नवरीला कुणीतरी घास भरवतं, तिचं नाक खाजतं ते मीच मनगटानं खाजवून देते. ते सहा तास ती मुलगी काय काय बोलते, काही वेळा न बोलता नुसती बसते, ते मी कुणाला सांगत नाही.

लावल्यावर काय करायचं ते थोडक्यात. निदान सहा तास ठेवा, रात्रभर ठेवली तर उत्तम. तव्यावर लवंगा टाकून त्याच्या धुरावर हात शेकतात ते चांगलं आहे, ऊब मिळते, फक्त फार जवळ धरू नका. काढताना पाणी नाही, बोथट सुरीनं खरवडायची आणि तेल चोळायचं. पुढचा पूर्ण दिवस पाणी-साबण जमेल तेवढं टाळा. घरातल्या बाकीच्यांनी नवरीला भांड्याला हात लावू देऊ नका एवढंच माझं सांगणं असतं, आणि सासूबाईंना पण सांगते.

अजून एक, बारशाला आलेल्या तान्ह्या बाळाच्या तळव्यावर टिकली एवढी लावा म्हणून लोक फार आग्रह करतात. मी लावत नाही, साधी पाल्याची असली तरी नाही. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम कमी असतं, बघून ते कळत नाही, आणि अशा बाळाला मेंदीनं रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते. आजीबाई रागावतात, म्हणतात आमच्या वेळी कुणाला काय झालं नाही. रागावू द्या.

रमजानच्या शेवटी चाँदरातीला आपांच्या ओसरीत मी अजूनही बसते, रात्री दोन-तीनपर्यंत मुलींची रांग असते. आपांचा हात आता थरथरतो, त्या कोन धरत नाहीत, बाजूला बसून पेस्ट चाखल्यासारखी दोन बोटांत धरून बघतात आणि मान हलवतात. गेल्या वर्षी एक पोरगी काळा कोन घेऊन आली, हाच लावा म्हणाली. आपांनी तो तिच्या हातातून घेतला, मला म्हणाल्या तेरी बहन का किस्सा बता इसे. मी सांगितलं. ती आमचीच लावून गेली.

बहीण आता सासरी लातूरला असते. हातावरचे डाग केव्हाच गेलेत, पण उन्हाळ्यात हात रापला की करंगळीच्या बुंध्याशी एक बारीकशी रेघ अजून फिकी दिसते, आम्हा दोघींनाच कळते ती. ती डॉक्टरांची चिठ्ठी आईनं जपून ठेवली होती, बहिणीच्या लग्नात तिच्या सासूबाईंच्या हातात दिली. दर पंचमीला बहीण येते आणि कोन नको म्हणते, पाला वाट म्हणते. आजी नाही आता, आडही बुजवला, पण झाडाची एक फांदी मी परभणीला आणून लावली होती, ती ह्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर गेलीय. मी वाटायला बसले की ती समोर बसते आणि डावा हात पुढं करते, म्हणते ह्या हातावर आधी लाव.